डॉक्टरला न सांगितलेली लाल लघवी

आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तो ओसरीवर आला की पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि आत सरकायचं. काही सांगायचं असेल तर सासूला सांगायचं, सासू त्याला सांगणार, आणि पुढे कोणाला सांगायचं की नाही ते तो ठरवणार. लोक याला मर्यादा म्हणतात. मी काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही. भासऱ्याला मी इथं अहो-जाहोही करणार नाही. आयुष्यभर केलं, पुरे झालं.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. सोनाळ्याला आमचा भाजीचा मळा होता. त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला खोकला लागला, आणि एका सकाळी वांगी तोडता तोडता त्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं. संग्रामपूरच्या डॉक्टरनं नळी लावून छाती ऐकली आणि क्षय सांगून मोकळा झाला. ना बेडका तपासला, ना छातीचा फोटो काढायला लावला. रोज एक सुई सुरू झाली.

त्याच दिवशी भासऱ्यानं त्यांची खाट मळ्यातल्या झोपडीत नेऊन टाकली. ताट, पाण्याचा गडवा, पांघरूण, सगळं वेगळं. भाकरी घेऊन जायला तेवढी मी चालत होते. मला लागण झाली तरी कोणाचं काय जाणार होतं?

चार-पाच दिवसांनी ते मला म्हणाले, "आज लघवी कोऱ्या चायवानी झाली वो. कालही तशीच होती." म्हणताना बिचारे शरमले होते. त्यांच्या डोळ्यांखाली सूज होती आणि वहाण पायात शिरत नव्हती. मी फार शिकलेली नव्हते, पण छातीच्या आजारात लघवी कशी लाल होईल, एवढं मलाही कळत होतं. घरी येऊन सासूला सांगितलं. सासूनं भासऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे गेला आणि त्याच सुया घेऊन आला.

"लघवीचं सांगतलं काय त्याईनं?" मी सासूला विचारलं.

"नाही सांगतलं. अशी गोष्ट सांगतेत काय? लोक म्हणतीन, बाहेरच्या बायकाईच्या नादी लागला."

सख्ख्या भावाचं रक्त दोन वाटांनी जात होतं आणि त्यातली एक वाट या माणसानं अब्रूसाठी झाकून ठेवली! मी म्हटलं, मी स्वतः जाते डॉक्टरकडे. सासू म्हणाली, "तू जाशीन, आन मंग आमी गावात तोंड कसं दाखवू?" मी गेले नाही. हा राग मी कोणावर काढू? मला दोन पाय होते, संग्रामपूरची वाट ठाऊक होती, तरी मी गेले नाही.

पुढच्या दहा दिवसांत ते फुगत गेले. लघवी थेंबावर आली. दोन पावलं टाकली तरी धाप लागायची. तेव्हा कुठं शेगावहून आगगाडीत घालून त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मला सोबत घेतलं, कारण त्यांचे कपडे धुवायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लघवी तपासली, छातीचा फोटो काढला, आणि खाटेपाशी येऊन विचारलं, "लघवी लाल कधीपासून?"

"मले काही माहीत नाही, साहेब," भासरा म्हणाला.

मी पदर मागे केला आणि भासऱ्याकडे बोट दाखवलं. "पंधरा दिवस झाले, डॉक्टरसाहेब. याईले माहीत होतं. याईनं लपवलं."

लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या माणसानं माझा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टर माझ्याकडे वळून बोलले, एवढं मी त्यांचं देणं लागते. म्हणाले, हा क्षय नाही. जंतूंशी लढायला रक्तात जे पदार्थ तयार होतात, ते कधी कधी चुकतात आणि आपल्याच शरीरावर उठतात. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक बारीक पडदा असतो. मूत्रपिंडात रक्त गाळायला असतो तोही त्याच जातीचा. म्हणून मार दोन्हीकडे एकदम बसतो, आणि म्हणून छाती आणि लघवी दोन्ही एकत्र सांगावं लागतं. त्या सुयांनी मूत्रपिंडावर आणखी ताण आला असेल, असंही ते म्हणाले.

"आंधी समजलं असतं, तं वाचले असते?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, बाई. यावर आमच्या हातात फार काही नाही. पण हा लागट आजार नाही, एवढं नक्की."

नवऱ्यानं उशीवरून मान उचलली. धाप लागत होती, तरी भावाकडे बघून म्हणाले, "दादा, मंग मी घरात येऊ शकतो ना?"

भासरा मान डोलावून म्हणाला, "हाव."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

भाड्याच्या मोटारीतून त्यांना सोनाळ्याला आणलं आणि सतरंजीवर अंगणात ठेवलं. मी म्हटलं, घरात घ्या. सासू म्हणाली, घराबाहेर जीव गेलेला माणूस उंबऱ्याच्या आत आणत नसतात. मी भासऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांचं बोलणं त्यानं कानांनी ऐकलं होतं, भावाला हाव म्हटलं होतं. तो भिंतीपाशी नाकाला उपरणं लावून उभा होता.

सगळं गाव बघत होतं. मी सतरंजीची दोन टोकं हाताला गुंडाळली आणि त्यांना ओढत घरात नेलं. एकटीनं. हात लावायला कोणी पुढे आलं नाही.