पोतंभर पाचट घेऊन बेंगळुरूला

मिरज स्टेशनवर हमालदादांनी माझं पोतं उचललं आणि दचकलेच. "एवढं हलकं? आत काय, कापूस?"

"पाचट," मी म्हटलं. उसाचा वाळका पाला. दादा हसायचे थांबेनात.

हसा! आमच्या गावात दर हंगामात याच पाचटाला काडी लावतात, आभाळ काळं करतात आणि वर खोकत म्हणतात, हल्ली हवाच बिघडलीय. मी पत्रकं छापून घरोघरी वाटली. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, दत्तूकाकांनी, पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "जाळू नको म्हणतीस. रानात कुजवावं तर उंदरं माजत्यात. मग करू काय, तुझं पत्रक पांघरू?" शेवटी सौदा ठरला. पाचटाचं काही होतं का, ते मी बेंगळुरूला जाऊन डोळ्यांनी बघायचं. "तू येस्तोवर काडी ओढत न्हाई," काका म्हणाले. "पर हात हलवत आलीस, तर मधी पडायचं न्हाई."

म्हणून ते पोतं.

सकाळी बेंगळुरूच्या शिवाजीनगरला पोचले. तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) मागवली आणि पहिल्या घासालाच साक्षात्कार झाला: हे अख्खं शहर आंबवलेल्या पिठावर चालतं! इथे सूक्ष्मजीवांना कामाला लावणारे नाही निघणार, तर कुठे? देवनहळ्ळीच्या बसमध्ये कंडक्टरने पोत्याला पायाने ढोसलं. "एनम्मा इदु?" (हे काय, बाई?) मी हातवारे करून ऊस, आग, धूर सगळं दाखवलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने पोत्याला खिडकीजवळची जागा दिली आणि मला उभं ठेवलं.

देवनहळ्ळीत द्राक्षांचे मळे मागे हटताहेत आणि प्लॉटचे दगड पुढे सरकताहेत. ज्यांच्या कामाबद्दल वाचून मी निघाले होते, त्या विजयाक्का या दोहोंच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, मराठी घरात टिकलेलं. "ये गं, स्वल्प (थोडी) बस. ऊट (जेवण) झालं का?"

जेवण कसलं! मी थेट टाक्यांकडे धावले.

अक्का पालापाचोळा बारीक करतात, वाफेवर शिजवतात, मग पाचक रसात भिजवतात. त्यातून साखर सुटते. ती साखर जिवाणू खातात आणि दही ज्याने आंबट होतं तेच आम्ल तयार करतात. त्या आम्लापासून पुढे प्लास्टिकसारखा चमचा! परदेशात हेच मक्याच्या दाण्यांपासून करतात म्हणे. माणसाच्या तोंडचा घास! आणि इथे चाललंय ते नुसत्या टाकाऊ काड्यांवर. मला नाचावंसं वाटलं.

"फार आंबट झालं की जिवाणूच गुदमरतात," अक्का म्हणाल्या. "मग यंत्र वरून चुन्याच्या निवळीचा थेंब सोडतं. थेंब पडला, की समज पोरं जेवताहेत."

शेजारच्या बरणीत द्राक्षांच्या देठांचं मिश्रण होतं. टप, टप, टप. पोरं पंगतीला बसलेली. आमच्या पाचटाची बरणी दुसऱ्या दिवशी लागली. मी समोर स्टूल टाकून बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, एक थेंब नाही.

माझं डोकं फिरलं. "तुमच्या जिवाणूंना द्राक्षंच आवडतात! आमचा ऊस गावंढळ वाटतो का त्यांना?"

"सरी, सरी (बरं, बरं)," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पाचट कुणी भरलं?"

"आईने."

"लाव फोन."

आईचा आवाज अभिमानाने भरलेला. "अगं, वरच्या थरात कडुनिंबाचा वाळका पाला घातलाय ना! कणगीत घालतो तसा. परगावी चाललेला जिन्नस, किडा-जिवाणू लागला म्हणजे?"

अक्का खुर्चीतून घसरायच्या बाकी होत्या. "आपण पोरांना जेवायला बोलावलं, आणि आईने पानात कडुनिंब वाढला!"

आम्ही दोघींनी पोतं उपडं केलं. तळाचं पाचट स्वच्छ होतं. तेच घेतलं, पुन्हा शिजवलं, भिजवलं, बरणी लावली. दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र: काका बांधावर, हातात काडेपेटी.

आणि मग, टप.

मी किंचाळले. अक्का धावत आल्या. टप, टप! पोरं आमचा ऊस जेवत होती! मी अक्कांना गरगर फिरवलं, त्यांचा चष्मा उडाला, चहावाला अण्णा दारातच किटली घेऊन थबकला. त्यालाही फिरवलं.

निघताना अक्कांनी असल्याच आम्लापासून केलेला चमचा दिला, आणि खरं तेही सांगून टाकलं. "गावाचं पाचट माझ्या शेडला झेपणार नाही. तुमच्याजवळच मोठी टाकी लागेल. त्यासाठी भांडावं लागेल."

भांडण? ते तर मला चांगलं येतं!

गावात शिरले तेव्हा दूरवर दोन-तीन ठिकाणी धूर होता. मी थेट काकांच्या रानाकडे धावले. पण काकांचं रान पिवळंधमक, जसंच्या तसं. काका बांधावरच होते. मी चमचा पुढे केला आणि टाकीचं, भांडायचं, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी चमचा वाकवून पाहिला, वास घेतला.

"म्हंजे अजून टाकी न्हाई."

"नाही."

"पर पाचटाचं काम हुतंय."

"माझ्या डोळ्यांदेखत झालं, काका."

त्यांनी खिशातली काडेपेटी काढून माझ्या हातात ठेवली. "टाकी येस्तोवर ही तुझ्याकडं. उंदरं मी बघतो. पर चूल पेटवायला रोज सकाळी तूच यायचं."

एवढ्या सहज कुणी माझं पत्रक मानलं नव्हतं. आता पहाटे उठून काकांची चूल पेटवते, चहा घेते आणि तिथूनच टाकीसाठी भांडायला निघते. चहा ढवळायला चमचा आहेच.