डावा, आपलं, उजवा

सुलभा दाणी जिथे काम करायची ती जागा मुळात कपड्यांची होती. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या टाउनहाउसमध्ये वरच्या बेडरूमला लागून, आत चालत जाता येईल असं मोठं कपाट होतं. श्रीरामने, तिच्या नवऱ्याने, त्यातले दांडे काढले, एक अरुंद टेबल बसवलं आणि दार लावल्यावर खालचा टीव्ही ऐकू येत नाही ना, ते स्वतः आत बसून पाहिलं. टेबलावर कॉम्प्युटर, कानाला हेडफोन, पायाशी शिवणयंत्राला असतं तसं पेडल. पेडल दाबलं की दूरच्या कुठल्यातरी हॉस्पिटलातला डॉक्टर कानात बोलू लागायचा आणि पाय उचलला की थांबायचा. पेशंटला काय होतंय, काय तपासलं, काय ठरलं, हे डॉक्टर रेकॉर्ड करून ठेवत. ते ऐकून टाइप करायचं. हे काम देणारी कंपनी तिसऱ्याच राज्यात होती आणि तिथलं कुणी सुलभाने कधी पाहिलेलं नव्हतं.

टाइपिंग ती अकोल्याला शिकली होती. क्लासच्या खोलीत ओळीने मशिनं, पत्र्याचं छप्पर, आणि त्या खडखडाटात स्वतःची लय हरवू न देणं हेच खरं शिक्षण. परीक्षा पास झाली, पण नोकरी लागायच्या आधी लग्न झालं. पुढे अमेरिकेत ग्रीन कार्ड हातात आल्यावर तिने कम्युनिटी कॉलेजात मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा कोर्स केला. हाडांची आणि औषधांची नावं तिने कणीक मळता मळता पाठ केली. बोटं जुनीच होती. ती लगेच कामाला लागली.

पगार ओळीवर होता. ओळ म्हणजे पासष्ट अक्षरं, मधल्या मोकळ्या जागाही धरून, आणि त्या मोजायचं काम मशीनचं. एखाद्या औषधाचं नाव नीट लागत नसेल तर पुस्तकं उलटायची; तो वेळ कुणी मोजत नसे. यादीत काम आलंच नाही तर स्क्रीनकडे बघत बसायचं; तोही वेळ तिचाच. ‘फुल टाइम’ हा शब्द होता, पण त्याचा तासांशी संबंध नव्हता. ठरलेल्या ओळी भरल्या आणि अचूकपणाचा आकडा वर राहिला तर ती फुल टाइम. नाहीतर कंपनी तिला कॉन्ट्रॅक्टवर टाकणार. म्हणजे ओळीमागे एखादा सेंट जास्त, पण सुटी नाही, इन्शुरन्स नाही, आणि कंपनी भरायची तो टॅक्सचा अर्धा वाटाही आपणच भरायचा.

इन्शुरन्सची गोष्ट मोठी होती. श्रीरामची टेलिकॉममधली नोकरी २००२ साली गेली. त्यानंतर त्याला एका कन्सल्टन्सीमार्फत काम मिळालं, पण त्यात नुसता पगार होता. त्याला मधुमेह. तेव्हापासून त्याची औषधं, रक्ताच्या तपासण्या, मुलीचे दात, सगळं सुलभाच्या ओळींवर चालत होतं.

बाहेर मात्र ती घरीच असते असा समज होता. कुणाचं पार्सल घ्यायचं असो, कुणाच्या मुलाला बसवरून आणायचं असो, फोन सुलभाला. “तू काय, घरीच असतेस ना,” असं म्हणून मैत्रिणी पुढचं वाक्य सुरू करत. सुरुवातीला ती समजावून सांगायची. मग तिने फोन खालीच ठेवायला सुरुवात केली.

कामाची यादी सगळ्या टायपिस्टना मिळून एकच असे, आणि तिथे एक न लिहिलेला रिवाज होता. ज्या डॉक्टरचे उच्चार अवघड, त्याची फाइल उघडायची, दोन वाक्यं ऐकायची आणि परत टाकायची. अवघड फाइलला वेळ दुप्पट लागतो आणि ओळी तेवढ्याच. परत टाकलेल्या फाइलींत भारतीय डॉक्टर पुष्कळ. सुलभाला ते अवघड नव्हते. तिची सुपरवायझर लिंडा, जी तिला फोनवरच भेटे, हे ओळखून होती. हळूहळू त्या फाइली सुलभाकडे येऊ लागल्या, आणि त्यांतला एक आवाज तर कायमचा तिच्या नावावर लागला: डॉक्टर चंद्रशेखर टेंबे, हाडांचे सर्जन.

टेंबे चाळीसेक वर्षं अमेरिकेत होते. इंग्रजी भरभर बोलत. पण विचार अडखळला की जीभ मराठीत पाय टेकून पुन्हा निघे. “स्वेलिंग इन द लेफ्ट, आपलं, राइट नी.” बाकीच्या टायपिस्ट तिथे रिकामी रेघ सोडत आणि ‘शब्द कळला नाही’ अशी खूण करत. खूण केली की ती फाइल डॉक्टरकडे परत जाई. सुलभाच्या कानाला त्यात न कळण्यासारखं काही नव्हतंच. आपल्या घरात माणूस म्हणतो, “मंगळवारी, आपलं, बुधवारी ये”. ऐकणारा मंगळवार पुसून टाकतो. तिने ‘लेफ्ट’ पुसलं, ‘राइट नी’ टाइप केलं आणि पाय पुढच्या वाक्यावर ठेवला. दोन वर्षं ती असंच करत होती. टेंब्यांच्या फाइलींनीच तिचा ओळींचा कोटा भरत होता.

२००४ च्या ऑक्टोबरात कंपनीने फाइलींची तपासणी केली, आणि तपासणाऱ्या बाईला नेमकी हीच फाइल मिळाली. तिने ऐकलं तेव्हा ‘लेफ्ट’ स्पष्ट होतं, मग एक अनोळखी शब्द, मग ‘राइट’. रिपोर्टात फक्त ‘राइट’. शरीराची एक बाजूच गाळली, म्हणजे गंभीर चूक. अशी एक चूक आकडा खाली आणायला पुरेशी असते.

लिंडाने फोन केला. ती चिडलेली नव्हती. तिने विचारलं की मधला तो शब्द काय आहे. सुलभाने सांगितलं, आमच्या भाषेत चूक सुधारताना म्हणतात, आधीचं खोडा असा अर्थ. लिंडाला हायसं वाटलं. ती म्हणाली, मग एवढंच लिहून पाठव. ती भाषा तुझी आहे, तुझ्याशी वाद घालायला इथे कुणी नाही. सोमवारपर्यंत आलं तर चूक काढून टाकतील.

सुलभाने त्या रात्री श्रीरामला सांगितलं. त्याने आधी इन्शुरन्सचं विचारलं. ती म्हणाली, राहील. मग तो हसला आणि म्हणाला, अमेरिकेतल्या कंपनीला मराठीचं व्याकरण शिकवणारी तू पहिलीच.

शनिवारी पुण्याहून आलेल्या एका नाटकाचा प्रयोग होता. तिथल्या मराठी मंडळाने एका हायस्कूलचं थिएटर घेतलं होतं आणि मध्यंतरातल्या वड्यांच्या टेबलावर सुलभाला उभं केलं होतं. तिथे टेंबे रांगेत आले. मंडळात ती त्यांना वर्षानुवर्षं पाहत होती, पण कधी दोन शब्दांपलीकडे बोललेली नव्हती. रोज तास न् तास कानात असणारा तो आवाज समोरच्या तोंडातून येताना पाहिला की तिला जरा संकोच वाटे. आपण तुमचे रिपोर्ट टाइप करतो हे सांगायची सोय नव्हती. क्लायंटशी ओळख काढायची नाही, असं तिने सही करून दिलं होतं.

“एक वडा, आपलं, दोन वडे द्या वहिनी,” टेंबे म्हणाले.

तिने कागदी प्लेटमध्ये दोन वडे ठेवले आणि चटणी घातली. टेंबे प्लेटकडे बघत राहिले.

“आणि एक?”

“दोन म्हणालात ना काका?”

“अहो, एक हिला, दोन मला. हिला तिखट सोसत नाही, तिला एक पुरे.”

मागून वसुधाकाकू, त्यांची बायको, पुढे झाल्या. “तुम्ही नका मनाला लावून घेऊ हो. ह्यांचं ‘आपलं’ म्हणजे खोडा की वाढवा, ते मला अजून कळलेलं नाही. मी आपली सगळं वाढते आणि उरलेलं परत घेते.”

रांगेतले दोघं-तिघं हसले. टेंबेही हसले, पण हार मानणाऱ्यांतले नव्हते. “तुला नाही कळत,” ते म्हणाले. “हॉस्पिटलात बरोबर कळतं. तिथे माझे रिपोर्ट टाइप करणारी कुणी पोरगी आहे, मी ओळखत पण नाही तिला. पूर्वी सगळा रिपोर्ट परत यायचा, इथे काय म्हणालात, तिथे काय म्हणालात. आता एक ब्लँक नसतो. मी वाचत पण नाही, सही करून मोकळा होतो.”

सुलभाने तिसरा वडा ठेवला. मागच्या माणसाने सुटे डॉलर पुढे केले आणि तिने ते घेतले.

नाटकाच्या दुसऱ्या अंकात काय झालं ते तिला नंतर सांगता आलं नसतं.

रविवारी ती कपाटात बसली. कंपनी जुने आवाज काही काळ ठेवत असे. तिने ती फाइल काढली. लेफ्ट, आपलं, राइट नी. तिने पेडल सोडलं, दाबलं. सुधारणा असेल तर माणूस आधी किंचित थांबतो, असं तिला वाटत होतं. टेंबे थांबले होते, पण ते प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. ‘नी’ एकवचनी होतं, म्हणजे एकच गुडघा. पण मग तिला आठवलं, टेंबे दोन्ही गुडघ्यांनाही ‘बोथ नी’च म्हणत, अनेकवचनाचा ‘ज’ त्यांच्या तोंडात कधी आलाच नव्हता. तिने पुन्हा ऐकलं. जितकं ऐकलं तितकं ते वाक्य गुळगुळीत होत गेलं, आणि शेवटी त्यात धरायला काही उरलं नाही.

ज्यांना मराठी येत नव्हतं त्या बायकांनी रिकामी रेघ सोडली होती. त्यांचं बरोबर होतं. शब्द आपला होता म्हणून तिला तो ऐकावाच लागला नव्हता.

आणि ही एकच फाइल नव्हती. खांदे होते, घोटे होते, करंगळ्या होत्या. लिंडाला पाठवायचं वाक्य तिने आदल्या दिवशीच मनात जुळवून ठेवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मराठीत खरंच तसं म्हणतात. तेवढं पाठवलं असतं तर सोमवारी सगळं मिटलं असतं.

तिने लिहिलं की या शब्दाचे दोन उपयोग आहेत. एकात आधीचं रद्द होतं, दुसऱ्यात काहीच होत नाही, बोलणारा नुसता श्वास घेतो. मी पहिला धरला. मी विचारायला हवं होतं. याच डॉक्टरांच्या फाइलींत मी दोन वर्षं असं धरत आले आहे. ज्या आठवतात त्या खाली देते, बाकीच्या तुम्ही शोधा. ते पाठवल्यावर ती खाली गेली आणि तिने भाताचा कुकर लावला.

लिंडाचा फोन यायला आठवडा गेला. हॉस्पिटलने डॉक्टरांना विचारलं होतं: त्या पेशंटचे दोन्ही गुडघे सुजलेले होते. बाकीच्या फाइलीही काढून पाहिल्या. बऱ्याच बरोबर निघाल्या, काही चुकलेल्या. एका बाईंच्या मनगटाचा एक्स-रे पुन्हा काढावा लागला होता, आणि तो का लागला ते तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. याहून जास्त कुठे काही झालं नव्हतं. पण प्रत्येक चूक आकड्यात धरली गेली. पुढच्या महिन्यापासून सुलभा कॉन्ट्रॅक्टवर. टेंब्यांच्या फाइली तिच्याकडेच राहतील, कारण त्या दुसरं कुणी घेत नाही. मात्र त्या शब्दाशी दरवेळी रेघ सोडायची आणि फाइल परत पाठवायची.

“तू नुसतं पहिलं वाक्य पाठवलं असतंस तरी मला चाललं असतं,” लिंडा म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता, थोडा थकवा होता.

संध्याकाळी श्रीराम आला तेव्हा त्याने बूट काढायच्या आधीच तिने त्याला सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला.

“मराठीत असं म्हणतात, एवढंच तर लिहायचं होतं.”

“म्हणतात. पण ते तसं म्हणाले का, ते मला माहीत नव्हतं.”

“त्यांना स्वतःला तरी माहीत होतं का?”

“विचारलं तेव्हा होतं ना.”

श्रीरामने एका बुटाची नाडी सोडली, दुसऱ्याची तशीच ठेवली. तो म्हणाला की माणूस नुसता घरचा हिशेब बघून बोलत नाही, पण घरचा हिशेबही कुणीतरी बघायला हवा. ती म्हणाली, बघा. तिने पाणी आणून त्याच्या हातात दिलं. तो ते सावकाश प्यायला.

“तारीख काय म्हणालीस?” त्याने विचारलं.

“एकतीसपर्यंत आहे.”

त्याने पाकिटातून इन्शुरन्सचं कार्ड काढलं, उलटं केलं आणि मागचा नंबर लावला. डोळ्यांची तपासणी, पायांची तपासणी, रक्त, जे काही महिन्याच्या आत बसेल ते सगळं त्याला उरकायचं होतं. पलीकडच्या बाईने नाव विचारलं असावं. तो एकेक अक्षर सांगू लागला, डी फॉर डेव्हिड, ए फॉर ॲपल, आणि तिने चुकीचं लिहिलं असावं, कारण तो थांबला आणि न कंटाळता पहिल्यापासून सांगू लागला.

सुलभा वर गेली. यादीत चार फाइली आल्या होत्या.