शेवटून दुसरा चौकोन

माझ्या बायकोने दोन वर्षं परक्या माणसासमोर घास घेतला नव्हता, तेव्हा मुलीने आम्हा दोघांची क्रूझची तिकिटं काढली.

बायकोला कंपवात आहे. आधी उजवा हात थरथरायला लागला, वर्षभरात डावाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात आम्ही महिन्यातून एकदा तरी जेवायला जायचो. दिल्लीत चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आयतं पिठलं मिळालं की तो आणखी काही मागत नाही. तिथे एकदा तिच्या हातून आमटीची वाटी शेजारच्या बाईंच्या साडीवर सांडली. बाई भल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, उलट हिचीच साडी पुसायला लागल्या. तेच हिला जास्त लागलं. जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते, आणि परतताना डबे उघडले की सगळ्यांना वाढायचं काम वर्षानुवर्षं हिचं. त्या वर्षी ती डोकं दुखतंय म्हणून खिडकीशी बसून राहिली, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून जेवली. पुढे रोजच दार लोटायला लागली.

मुलगी गुडगावला असते. तिचं मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलांचं असतं तसं. "बाबा, आईचा हात काँपतो तर काँपू दे ना यार. शिपवर कोण ओळखीचं असणार आहे?" मी म्हटलं, इतकी वर्षं घरात बसून जे जमलं नाही ते बोटीवर काय जमणार. पण तिकिटं परत होणारी नव्हती.

मुंबईहून जहाज निघालं. तीन रात्रींचा प्रवास, मध्ये गोवा. संध्याकाळच्या जेवणाला प्रत्येकाचं टेबल ठरलेलं आणि वाढणारा माणूसही ठरलेला, हे आम्हाला आत गेल्यावर कळलं. आमचं टेबल आठ जणांचं, गोल. नागपूरचं एक कुटुंब, अहमदाबादचं एक जोडपं आणि आम्ही. बायकोचा चेहरा उतरला. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यावर पदर घेतला.

वाढायला आला तो गढवालचा होता. पस्तिशीचा, सडपातळ, केस चापून बसवलेले. सगळ्यांना काय हवं ते विचारताना त्याने हिच्याकडे एकदाच पाहिलं असेल. थोड्या वेळाने तो सूप घेऊन आला, तेही कानाच्या मोठ्या मगांमधून, प्रत्येक मग अर्धाच भरलेला. "आज सूप मग में लीजिए, देर तक गरम रहता है," असं त्याने आठही जणांना सांगितलं आणि आठही जणांना मगच दिले. नागपूरकरांना ही जहाजाची खास रीत वाटली. बायकोने दोन्ही हातांनी मग धरला आणि सूप पिऊन संपवलं. थेंब सांडला नाही. मी दुसरीकडे पाहत बसलो, कारण माझे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला भिंतीलगतचं दोघांचं टेबल दिलं. ताटलीखाली ओला रुमाल घातला, म्हणजे ती सरकू नये. भातासाठी खोलगट वाडगा आणला. मासा आतूनच काटे काढून, तुकडे करून आला. आणि चमच्याच्या दांड्याला त्याने कापडी नॅपकिन घट्ट गुंडाळून बारीक दोरा बांधला होता. जाड दांडा मुठीत धरता येतो, हात कमी हलतो. "पिछले जहाज पर एक अंकल थे, उनसे सीखा," एवढंच त्याने सांगितलं. बायकोने भात दुसऱ्यांदा मागितला. मग त्याच्याशी बोलायला लागली. घर पौडीकडे, मुलगी दोन वर्षांची, तिला सगळे मिळून चार महिने पाहिलेलं. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट महिन्याअखेर संपणार होतं. पुढचं मिळालं तर हेड वेटर म्हणून मिळेल आणि मग बायको-मुलीला मुंबईत आणता येईल, नाही मिळालं तर गावी परत. हे सगळं तिने दोन जेवणांत काढून घेतलं. मला एरवी तिचा हा स्वभाव आवडतो.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मी ते सगळं पाहत होतो, मला बरं वाटत होतं, आणि आत कुठेतरी रागही येत होता. दोन वर्षं मी तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, औषधांच्या वेळा भिंतीवर लावल्या, चिडलो, समजावलं. चमच्याला फडकं गुंडाळायचं मला सुचलं नव्हतं. त्या माणसाला ते एकाच संध्याकाळी सुचलं, आणि ती त्याच्याकडे पाहून हसली, तसं माझ्याकडे पाहून हसून तिला किती दिवस झाले होते कोण जाणे. मी हेवा केला. सत्तरीच्या माणसाने वाढप्याचा हेवा केला.

शेवटच्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आज त्या मोठ्या टेबलावर बसू या. बिल्कुल काही होत नाही." बसलो. तिने नागपूरकरांच्या सुनेला गुळाच्या पोळीची कृती सांगितली, चमचा हातात धरूनच. जेवण आटोपल्यावर तो माझ्याजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, केबिन में फॉर्म रखा होगा. अगर आप ख़ुश हैं तो आख़िरी वाला टिक कर दीजिएगा. हमारे यहाँ वही गिना जाता है, उससे नीचे सब फेल."

मला ते खटकलं. आमच्या खात्यात स्वतःच्या शेऱ्यासाठी शब्द टाकणारा माणूस मनातून उतरायचा. मी फक्त म्हणालो, "देखेंगे. जो ठीक होगा वही लिखेंगे." तो मान लववून बाजूला झाला.

माझ्या शेऱ्याबद्दल सांगायला हवं. सरकारी नोकरीत दरवर्षी वरिष्ठ हाताखालच्या माणसाचा गोपनीय अहवाल लिहायचे. 'आउटस्टँडिंग', 'व्हेरी गुड', 'गुड' आणि त्याखालचे. त्या काळी वाईट शेरा असेल तरच माणसाला कळवत. एका वर्षी माझ्या साहेबांनी मला 'गुड' दिलं. गुड म्हणजे वाईट नाही, म्हणून मला कोणी कळवलं नाही. पण बढतीला व्हेरी गुडच्या खालचं चालत नव्हतं. मला पत्ता लागला तो माझ्या हाताखालच्या दोघांची नावं यादीत आली तेव्हा. मी अर्ज केले, उत्तरं आली, मी त्याच पदावरून निवृत्त झालो. नंतर कधीतरी एका लग्नात साहेब भेटले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "भई, गुड तो गुड ही होता है!" मी त्या लग्नात जेवलो नाही. इतकं असूनही मी स्वतः लिहायला बसायचो तेव्हा हात आखडता असायचा. आउटस्टँडिंग मी उभ्या नोकरीत तिघांना दिलं आणि त्याचा मला अभिमान होता.

केबिनमध्ये फॉर्म होता. एका केबिनला एकच. बायकोने तो आधी घेतला. पेन धरलं, पण रेघ चौकोनाबाहेर तिरकी निघून गेली. ती थोडी हसली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच करा. शेवटचा चौकोन. आणि खाली लिहा, की यांच्यामुळे मी माणसांत बसून जेवले." एवढं बोलून ती तोंड धुवायला गेली.

पाच चौकोन होते. शेवटचा 'एक्सलंट', त्याच्या आधीचा 'व्हेरी गुड'. मी विचार केला, हे माझ्या डोक्यात अजून लख्ख आहे. पहिल्या दिवशी डाळ कोमट होती. त्याने स्वतः मागितलं, ते बरं केलं नाही. व्हेरी गुड हा उत्तम शेरा आहे, मला कोणी दिला असता तर मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. एक्सलंटपेक्षा एक पायरी खाली, माणसाला पुढे वाढायला जागा राहते. माझ्या साहेबांनीही असाच विचार केला असणार. मी शेवटून दुसऱ्या चौकोनात खूण केली. खाली हिचं वाक्य काही लिहिलं नाही. 'सेवा समाधानकारक' एवढं इंग्रजीत लिहिलं आणि कागदाची घडी घातली.

"केलं ना?" ती टॉवेलने तोंड पुसत बाहेर आली.

"हो," मी म्हटलं.

सकाळी उतरताना तो दारापाशी उभा होता. फॉर्म तोवर वर गेले होते की नाही, मला माहीत नाही. बायको त्याला म्हणाली, "बेटा, तुम्हारे लिए बहुत अच्छा लिखा है हमने." त्याने हात जोडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "थँक यू, सर." मी मान हलवली. त्याने नॅपकिन गुंडाळलेला तो चमचा कागदाच्या पिशवीत घालून हिला दिला.

दिल्लीला आल्यावर बायको बदलली. अतिथिगृहात जेवायला गेलो तेव्हा तिने पर्समधून तो चमचा काढला आणि कोण बघतंय याची फिकीर केली नाही. जानेवारीत बसमध्ये डबे उघडले तेव्हा तिने वाढलं नाही, पण सगळ्यांच्या मध्ये बसून जेवली. दार लोटणं बंद झालं. त्या वर्षभरात मी त्या चौकोनाबद्दल फारसा विचार केला नाही. केला असता तर तुम्हाला आज जास्त बरं काही सांगू शकलो असतो.

पुढच्या वर्षी ती स्वतःच म्हणाली, पुन्हा जाऊ या, त्याच्याच टेबलावर. मुलीने कंपनीला फोन केला. रविवारी आमच्याकडे येऊन ती म्हणाली, "आई, तो नाहीये आता. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही झालं. रेटिंगचं काहीतरी होतं म्हणाले, जास्त नाही सांगितलं."

"अच्छा? असं कसं होईल?" बायको म्हणाली. "आपण तर शेवटच्या चौकोनात खूण केली होती." मग तिने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाचा चेहरा वाचता येतोच.

मी सांगितलं. डाळीचं सांगितलं, त्याने स्वतः मागितल्याचं सांगितलं. तिचं वाक्य लिहिलं नाही हेही सांगितलं, कारण आता काही राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. हेव्याचं मात्र सांगितलं नाही, ते आज इथे प्रथमच लिहितो आहे. मुलगी चहाचे कप उचलून आत निघून गेली.

"एका फॉर्मने कुणाची नोकरी जात नाही," मी म्हटलं. "आणखी दहा कारणं असतील."

"तुमच्या वेळी कितींनी लिहिलं होतं?" तिने विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमचाही एकच होता."

मी कंपनीला पत्र लिहिलं. तीन पानी, मुद्देसूद, असली पत्रं मला चांगली लिहिता येतात. महिन्याने उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. असली उत्तरंही मला ओळखीची आहेत. मुलीने त्याचा पत्ता मागून पाहिला, तो देता येत नाही म्हणाले. पौडीच्या बाजूला कुठेतरी एक मुलगी आता बापाला रोज पाहत असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पहिल्याच दिवशी लाज वाटली आणि ते सांगणं सोडून दिलं.

बायको त्यावरून माझ्याशी कधी भांडली नाही. अबोला नाही, टोमणे नाहीत. औषधं माझ्याच हातून घेते. मला वाटलं, हळूहळू विसरली.

मग मतदान आलं. केंद्र आमच्या सोसायटीमागच्या शाळेत होतं. तिची मान आता थोडी हलते, बोट एका जागी राहत नाही. शाईसुद्धा कर्मचारी बाईंना तिचा हात धरून लावावी लागली. मतदान अधिकारी समजूतदार गृहस्थ होते. ते मला म्हणाले, "अंकल, आप साथ जा सकते हैं, नियम है. एक फॉर्म भर दीजिए, माताजी जो कहें वह बटन आप दबा दीजिएगा." मी पेन घ्यायला खिशात हात घातला.

"नहीं," बायको म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेरा बटन ये नहीं दबाएँगे."

अधिकारी गोंधळले. रांगेतले लोक माझ्याकडे पाहायला लागले. ती काठी टेकत पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मागून फक्त तिची काठी आणि चपला दिसत होत्या. मिनिट गेलं, दोन गेली. रांगेत कुणीतरी घड्याळ पाहिलं. मी खिशातल्या पेनावर हात ठेवून तिथेच उभा होतो. शेवटी मशीनचा लांब आवाज आला.