आप्पांच्या आंब्याची वेबसाईट

वेबसाईट करून देण्याच्या धंद्यात शेवटी हातात काय उरतं? आम्ही तेव्हा केलेल्या वेबसाईट आज शोधूनही सापडत नाहीत. उरले ते किस्से! तेही इतके साठलेत, की जुन्यांपैकी कोणी भेटलं आणि चहा सांगितला, तर चहा येईपर्यंत दोन होतात आणि गार होईपर्यंत बाकीचे. दर वर्षी थोडं मीठमसाला वाढत असेल, नाही असं नाही. पण माणसं खरी, आणि त्यांचं बोलणंही बरंचसं असंच.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत राम आळीच्या टोकाला, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर मी आणि सलीमभाईंनी खोली घेतली. सलीमभाई जयगडचे. दुबईत पाच वर्षं कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर चालवून परत आलेले. मी पुण्याला कोर्स करून आलेली. दोन कॉम्प्युटर, एक मॉडेम, एक डिजिटल कॅमेरा आणि खाली पाटी, ‘तुमचा धंदा जगभर पोचवा’.

पाटी वाचून माझे बाबा म्हणाले, "जग राहू दे. आधी खालच्या औषधवाल्यापर्यंत पोचव."

मग त्यांनी मुदत घातली. "यंदाचा आंबा संपेपर्यंत बघ. नाही जमलं तर ठाण्याला मावशीकडे जायचं. तिथे ऑफिसात जागा सांगून ठेवली आहे."

मला ठाण्याला जायचं नव्हतं. रत्नागिरीत राहून काहीतरी आपलं करायचं होतं, आणि ते होत नाही असं कोणी म्हटलं की मला रडूच यायचं. रागाने.

*

आमच्या माडीवर सगळ्यात आधी चढले ते समोरचे काजूवाले बाबूशेट. खुर्चीत बसले, कॉम्प्युटरकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ह्यात जगातली सगळी माहिती येते म्हणतात. खरं काय?"

म्हटलं, "बरीचशी येते."

"मग त्या नाक्यावरच्या काजूवाल्याचं बघ गो. यंदा माल कुठून उचललान तो?"

"बाबूशेट, तो इथून पन्नास पावलांवर आहे. जाऊन विचारा की!"

"वा! विचारलं तर त्याला कळेल ना!"

माहिती काही मिळाली नाही. पण बाबूशेट रोज यायला लागले आणि बाजाराचा निकालही त्यांनीच आम्हाला सांगितला. "हे बघ, आळीतले सगळे तुमच्याकडे बघतायत. पहिला आप्पांचा आंबा जाऊ दे. एक तरी अनोळखी गिऱ्हाईक येऊ दे. नात्यातला नको, ओळखीतला नको, अगदी अनोळखी. मग आम्ही सगळे करतो वेबसाईट."

झालं! माझं ठाणं आता आप्पांच्या आंब्यावर ठरणार होतं.

*

आप्पा म्हणजे पावसच्या बाजूचे बागायतदार. चारशे कलमं, आणि दर वर्षी सगळा माल डोळे मिटून दलालाच्या गाडीत. "आपला आंबा खातो कोन, ते मेलं कधी कळतच नाय," हे त्यांचं दुःख. दर कमी मिळतो याबद्दल चकार शब्द नाही. कोण खातं ते कळत नाही, याबद्दल मात्र झोप उडालेली! म्हणूनच ते आमच्या जाळ्यात आले.

मजकूर लिहायला बसलो. मी झकास लिहिलं होतं, ‘अस्सल हापूस, अवीट गोडी, जगात तोड नाही’ वगैरे. आप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि कानाची पाळी लाल झाली.

"हे कोनी लिवलंन?"

"मी."

"खोड ते. आपनच आपलं काय सांगायचं? गावात लोक तोंडात शेन घालतील माझ्या."

"आप्पा, ही जाहिरात आहे!"

"असू दे. लिव, आंबा बरा हाय."

एवढंच? तर नाही. त्यांनी पुढे सांगितलं, "खालच्या अंगाच्या वीस कलमांना यंदा थोडा डाग हाय, ते पन लिव. आनि घाई करू नये. माल बेताचा हाय."

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "आप्पा, दुबईत लोक वाळू विकतात, तीसुद्धा अशी सांगून विकत नाहीत!"

पण आप्पा हटले नाहीत. वेबसाईटवर मोठ्या अक्षरात गेलं, ‘आंबा बरा आहे.’ खाली इंग्रजीतही तेच.

*

मग ऑर्डरचा फॉर्म. नाव, पत्ता, फोन, किती डझन. आप्पा म्हणाले, "बाकीचं कुठे हाय?"

"बाकीचं काय?"

"मूळ गाव कुठला? घरात मानसं किती? आपल्याकडे ओळखीचा कोन?"

मी म्हटलं, असं विचारलं तर कोणी ऑर्डरच देणार नाही. त्यावर आप्पा शांतपणे म्हणाले, "मग नको देऊ दे. मुलगी देतो तेव्हा विचारतो ना? आंबा पन मीच वाढवलाय."

तिन्ही रकाने घातले. वर त्यांच्यापुढे चांदण्या, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही!

*

वेबसाईट सुरू करायचा दिवस आला. आप्पा नारळ घेऊन हजर. कॉम्प्युटरसमोर पाटावर विडा ठेवला, टोपी सरळ केली आणि आमच्या कोकणातल्या रीतीप्रमाणे खड्या आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा महाराजा! आज ह्या पोरीनं आनि सलीमशेटनं जो काय उद्योग मांडलाय, तो तडीस ने महाराजा!"

"होय महाराजा!"

"कोनाची वाकडी नजर पडली असंल, ती आल्या वाटेनं परत धाड महाराजा!"

"होय महाराजा!" हा आवाज सलीमभाईंचा सगळ्यात मोठा.

"टेलिफोनची लाईन सरळ ठेव महाराजा!"

आणि खरंच, महिनाभर लाईन एकदाही तुटली नाही. पुढच्या महिन्यात एका दुपारी मॉडेम चारदा किंचाळून गप्प झाला. मी टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार लिहायला बसले, तर सलीमभाई म्हणाले, "कागद राहू दे मंजू. आप्पांना बोलव!"

*

पानाच्या तळाशी एक आकडा असायचा, आजवर किती जणांनी पान उघडलं त्याचा. आप्पा दर दोन दिवसांनी पावसच्या एस्टीने तो बघायला येत. पहिल्या आठवड्यात आकडा एकवीस.

"एकवीस मानसं येऊन गेली?" आप्पा उठून उभेच राहिले. "कोन कोन?"

"ते नाही कळत आप्पा. नुसती बघून जातात."

"एकानं पन नाव सांगितलान नाय? आनि तू पानी तरी विचारलंस काय त्यांना?"

एवढं वाईट वाटलं त्यांना, की सलीमभाईंनी पानाच्या अगदी वर लिहून टाकलं, ‘या, बसा.’ आठवड्याने आकडा साठ! आप्पा खूष. "बघ, बस म्हटलं की मानूस थांबतो."

त्यातले बत्तीस एकटे बाबूशेट होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आले की "जरा उघड बघू, कोण आलं काय," म्हणायचे आणि प्रत्येक वेळी आकडा एकने पुढे.

*

मध्येच नाटे गावच्या रत्नाक्का आल्या. बंदरावर बोंबील, सोडे, बांगडे सुकवून विकणाऱ्या. मुंबईच्या नातीने सांगितलं म्हणून आलेल्या. सलीमभाईंनी एका बोंबलाचा फोटो काढला. रत्नाक्कांनी बघितला आणि विचारलं, "ह्याची दुसरी बाजू?"

"दुसरी कशाला?"

"मासा पालटून बघितल्याशिवाय गिऱ्हाईक घेतंय कवा? लबाड म्हनतील माका!"

बरोबर होतं. बारा प्रकार, दोन बाजू, चोवीस फोटो! त्या काळी फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उमटायचा. रत्नाक्का समोर बसून राहिल्या. बांगड्याचं डोकं आलं. मग काही नाही. मग कल्ला आला. चहा झाला, पान झालं. शेपटीचा पत्ता नाही.

शेवटी त्या टोपली डोक्यावर घेऊन उठल्या. "गो बाय, इतका वेळ मासा उघड्यावर ठेवला तर मांजर न्हेईल!"

*

एप्रिल सरला. मेचा दुसरा आठवडा. आणि एका सकाळी पहिला ईमेल आला! मी आणि सलीमभाई खुर्चीतून उडालो. निरोप धाडला, आप्पा आले, पाठोपाठ बाबूशेट.

ईमेल मुलुंडहून होता. ‘आप्पाकाका, वेबसाईट छान आहे. नेहमीची पेटी कधी पाठवताय?’

आप्पांचा पुतण्या. दर वर्षी फुकट पेटी नेणारा!

मी घाबरत घाबरत विचारलं, "ही ऑर्डर धरायची का?"

बाबूशेट नुसते हसले आणि जिना उतरले. त्या दिवशी घरी गेले तर बाबांनी मावशीला पत्र लिहून ठेवलं होतं. फक्त टाकायचं बाकी होतं. मी जेवले नाही.

*

आणि मग तो शेवटचा किस्सा, जो आम्ही नेहमी चहा गार झाल्यावरच सांगतो.

मे संपत आला. आप्पांच्या बागेत शेवटची काढणी. त्या दुपारी फॉर्म आला. सगळे रकाने भरलेला! नाव तिवारी. दोन डझन. पत्ता जबलपूर. मूळ गाव, जबलपूर. घरात माणसं, पाच. आणि ‘आपल्याकडे ओळखीचं कोण?’ यापुढे लिहिलेलं, ‘कोणी नाही.’

आप्पांनी ती ओळ तीनदा वाचली. "कोनीच नाय? मग ह्यानं माझा आंबा मागवलान कसा?"

कुरिअरवाला म्हणाला, पिकणारा माल इतक्या लांब नेणार नाही. माझा चेहरा पडला. आप्पा मात्र टोपी चाचपत म्हणाले, "बरा झाला. मीच जाऊन येतो."

"जबलपूरला? दोन डझन आंब्यांसाठी?"

"आंब्यासाठी नाय गो! मानूस कोन हाय, बघायला नको?"

गवतात आंबे रचले, पेटी बांधली. स्टेशनवर मी त्यांना एकच काम सांगितलं. "आप्पा, बाकी काही विचारू नका. फक्त एवढं विचारा, आमची वेबसाईट तुम्हाला सापडली कशी?" कारण आळीतला प्रत्येक जण मला तेच विचारणार होता, आणि त्याचं उत्तर मिळालं तरच पुढचे चार जण येणार होते. आप्पांनी मान डोलावली आणि रेल्वेत चढले.

नऊ दिवस पत्ता नाही! दहाव्या दिवशी दाढी वाढलेले आप्पा माडीवर चढले. तासाभरात खोली भरली. बाबूशेट, औषधवाला, आळीतले आणखी दोघं. दारात बाबाही येऊन उभे. आत आले नाहीत.

आप्पा सांगत होते. तिवारी शाळेत मास्तर. दोन मुली, थोरली हुशार, धाकटी लाडावलेली. विहिरीला मे महिन्यातही पाणी. पेटी वाटेत रोज उघडून बघितली, आंबा बरोबर पोचल्या दिवशी तयार झाला. तिवारींची म्हातारी आई आंबा नाकाला लावून बसली, खाईचना! तिने कधी समुद्र बघितला नव्हता. मग आप्पांनी चार दिवस तिला आपल्या हिंदीतून समुद्र सांगितला. भरती सांगितली, ओहोटी सांगितली. "ती इचारी, पानी रात को किधर जाता है? काय सांगनार?"

मला राहवेना. "आप्पा, ते विचारलंत का? वेबसाईट कशी सापडली?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भलतंच काही बोलले.

"गो पोरी, दारी आलेल्या मानसाला ‘तू कसा आलास’ असा विचारतो काय आपन? बस म्हनतो!"

बाबूशेट उठले. जिन्याकडे गेले. मी बाबांकडे बघितलंच नाही. संपलं, ठाणं नक्की, असं म्हणून मी कॉम्प्युटरवर कापड टाकायला घेतलं.

बाबूशेट जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून परत वर आले. दाराला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आमची पण वेबसाईट करून टाक. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. गिऱ्हाईक पनवेलच्या अलीकडचं बघ. मला गाडी लागते."