बंद पडलेला प्रोग्राम आणि सासऱ्यांची पेटी

कॅसेटी मी भंगारवाल्याला दिल्या आणि बदल्यात मिळालेली प्लॅस्टिकची बादली शाबासकीच्या अपेक्षेने बायकोसमोर ठेवली. वर म्हणालोही, "पसारा कमी केला."

"बाबूजीच्या होत्या त्या," ती म्हणाली. "विचारलं त्यायले?"

"विचारायचं काय? सगळं संगणकात भरून ठेवलंय मी."

त्या काळी मी स्वतःला पुढारलेला माणूस समजत असे. एका कार्यालयात संगणकाचं काम करतो, त्यामुळे नालवाडीतल्या आमच्या गल्लीत कुणाचा मोबाईल अडला तरी मला बोलावतात. एवढ्यावर माणूस फुगतो.

कॅसेटी होत्या सासऱ्यांच्या गायन पार्टीच्या. बायकोच्या माहेरी, आंजीला, विहारासमोर भीमजयंतीचा मांडव पडला की ही पार्टी बसायची. दोघं गाणारे, एक ढोलकीवाला, मागे कोरस, आणि पेटीवर सासरे. कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडवाच्या बांबूला टांगून ते सगळं भरलं होतं. पुढे गाणारे दोघंही गेले. सासऱ्यांना लकवा झाला. बोलणं परत आलं, चालणं आलं, पण पेटीचा भाता हलवणारा डावा हात काही परत आला नाही. त्यांची पेटी म्हणून जी काही उरली होती, ती त्या कॅसेटींत. म्हणजे आता माझ्या संगणकात.

आणि एका मे महिन्यात संगणक गेला. वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसं टिकतात हेच नवल, तिथं संगणकाचं काय घेऊन बसलात! डिस्क तेवढी वाचली. नवा संगणक आणला, डिस्क जोडली, पण गाणी उघडेनात. मी ती भरली होती एका छोट्या फुकट प्रोग्राममध्ये. तो आपली फाईल आपल्याच पद्धतीने बांधून ठेवायचा, दुसऱ्या कुणाला ती वाचता यायची नाही. आणि हा पठ्ठ्या नव्या संगणकावर सुरूच व्हायला तयार नव्हता. त्याच्या पानावर गेलो तर कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. खाली लोकांच्या तक्रारी, त्यांना उत्तर देणारं कुणी नाही.

त्याच आठवड्यात बायको आंजीहून आली ती दारातूनच म्हणाली, "बाबूजी म्हणून राह्यले, जवाईबापूजवळच्या कॅसेटी आणजो, आयकतो एकडाव. मी काय सांगू त्यायले? बादली आली म्हनू?"

मी जाऊन त्या प्रोग्रामच्या कर्त्याला लांबलचक पत्र लिहिलं. सासऱ्यांचा लकवा, विहार, मांडव, सगळं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं. तो गृहस्थ आता दूर कुठेतरी मधमाश्या पाळतो. प्रोग्रामचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे, तुझाही तेवढाच, घे आणि कर, असं त्याने लिहिलं होतं.

घे आणि कर! अहो, मी ही कोडची भाषा कॉलेजात शिकलो तेव्हा मला मिशी नव्हती. आता ती रंगवावी लागते. पण तो कोड उघडला आणि काय सांगू, कुणीतरी आपल्या घराची किल्लीच हातात द्यावी तसं झालं. जागोजागी त्याने स्वतःसाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. 'इथे हात लावू नये', 'हे का चालतं ते मला माहीत नाही.' मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

रोज पहाटे उठून मी बसू लागलो. एक चूक काढली की पाच नव्या निघायच्या. ज्या जुन्या तुकड्यांवर तो प्रोग्राम उभा होता, ते आता कुणी वापरत नव्हतं. एकेक बदलून नवा बसवायचा. बायको चहा ठेवून जायची आणि थंड झालेला परत न्यायची. एका सकाळी मी बटण दाबलं आणि खिडकी उघडली! तीच राखाडी खिडकी, गाणं कुठवर आलं ते दाखवणारी तीच हिरवी रेघ. फाईल ओढून टाकली, आणि स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, "हॅलो, हॅलो, माईक चेक." मी असा ओरडलो की बायको उलथनं घेऊनच धावत आली.

"काय झालं? साप निघाला?"

"ऐक!"

तिनं ऐकलं. जनरेटरची घरघर, पोरांचा कालवा, आणि त्यातून गाणाऱ्याचा आवाज. ती उलथनं तसंच धरून पलंगावर बसली. "हे तर आमच्या मांडवातलं," म्हणाली, आणि भाजी करपली.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण मला आता स्फुरण चढलं होतं. जनरेटरची घरघर काढायचीच! प्रोग्राममध्ये त्याची सोय होती. जिथे कुणी गात-बोलत नाही असा एक तुकडा त्याला दाखवायचा. 'हा गोंगाट' असं तो शिकतो आणि सगळीकडून तेवढं काढून टाकतो. मूळची सोय जरा मिळमिळीत होती, ती मी चांगली कडक केली. गाणं सुरू होण्याआधीचा, कुणीच गात नाही असा तुकडा शोधला, दाखवला, बटण दाबलं. गाणाऱ्याचा आवाज असा लख्ख निघाला, जणू तो आमच्या दिवाणखान्यात बसलाय. मी फोन करून सासऱ्यांना येत्या रविवारी बोलावलं.

सासरे एसटीने आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. जयभीम झाला, पाणी झालं. मी त्यांना माझ्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "यात पेटी कोन वाजवून राह्यलं?"

"तुम्हीच की."

"मंग आयकू काऊन नाई येत?" मग बायकोकडे वळून, "माये कानबी गेले का वं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कान देऊन ऐकलं. ढोलकी होती, कोरस होता. पेटी नव्हती. अगदी तळाशी कुठेतरी चिलटासारखं काहीतरी.

"तुमचे कान ठीक आहेत," मी म्हणालो. "एक सांगा, गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही काय करायचे?"

"काय करतो? सूर धरून ठेवतो. पेटीवाल्यानं हात उचलला का गानारा भटकला. दोन गान्याच्या मधातबी नाई सोडत."

झालं. कुणीच गात नाही असा जो तुकडा मी प्रोग्रामला दाखवला होता, त्यात घरघरीत मिसळलेला, मला वेगळा ओळखू न आलेला सासऱ्यांचा धरलेला सूर होता. 'हा गोंगाट, सगळीकडून काढ,' असं मी माझ्या हाताने सांगितलं होतं, आणि त्या आज्ञाधारक प्रोग्रामने जनरेटरबरोबर माझ्या सासऱ्यांनाही मांडवाबाहेर काढलं होतं.

मी ते त्यांना सांगितलं. लपवून काय करता! ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे याले पेटी बंद असलेली जागा पाह्यजे?"

"हो. पण तुम्ही तर हातच उचलत नव्हता."

"चाय यायची ना!" त्यांचे डोळे एकदम चमकले. "तिसऱ्या गान्यानंतर चाय यायची. कपबशी एका हातानं नाई धरता येत. पाहा, पुढं घ्या!"

मी मूळची फाईल उघडून हिरवी रेघ पुढे ढकलत नेली. पहिलं, दुसरं, तिसरं गाणं. मग पेटीचा सूर थांबला, आणि कुणीतरी म्हणालं, "मास्तर, चाय घ्या." त्यानंतर चार-पाच सेकंद नुसता जनरेटर. सासरे ओरडले, "हेच! हेच!" मी तेवढाच तुकडा दाखवला. या वेळी आधी 'काय निघणार' तेही ऐकून पाहायचं ठरवलं. तशी सोय प्रोग्राममध्ये नव्हती, ती मी तिथंच, त्यांना बसवून ठेवून, घाईघाईत जोडली. दोनदा चुकलो. ते शांतपणे म्हणाले, "होऊ द्या, मले काई घाई नाई." मग ऐकलं, तर नुसती घरघर. बटण दाबलं.

घरघर गेली आणि पेटी आली. भरदार, जरा पुढे-पुढे करणारी. सासऱ्यांची उजवी बोटं मांडीवर चालू लागली. डावा हात जागचा हलला नाही, पण डावा खांदा, अगदी थोडा, भाता ओढल्यासारखा मागेपुढे होऊ लागला. बायको दारात उभी होती. मी स्पीकरची वायर नीट करण्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकलो, ते जरा जास्तच वेळ.

नवा प्रोग्राम मी 'काढण्याआधी ऐका' या बटणासह इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. मधमाश्यावाल्याने उत्तरादाखल शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

त्या रविवारी संध्याकाळी सासऱ्यांना गाण्यांचा पेनड्राइव्ह देऊन बायको बसस्टँडवर सोडून आली. मी फुशारून विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणे, चवथ्या गान्यात एका जागी बोट चुकलं माह्यं, तेवढं जवाईबापूले काढाले सांगजो," ती म्हणाली. "मी म्हटलं बाबूजी, राहू द्या. ते एक बोट काढाले बसतीन अन् अख्खी पार्टी काढून टाकतीन."