जिजीच्या फोटोतला आकडा

भूतबीत सोडा, मी दाराला कधी लिंबू-मिरचीही टांगू दिली नाही. तरी हे लिहितोय... कारण आतापर्यंत घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

खांडबाऱ्याला आमचा स्टुडिओ होता. रंगवलेला पडदा, लाल बल्ब, फोटो धुवायच्या हायपोचा वास. भरलेल्या रोलची पट्टी जिभेने ओली करून चिकटवायची – ती चव अजून आठवते. त्या रोलला पाठीमागे कागद असतो. त्यावरचे आकडे कॅमेऱ्याच्या लाल खिडकीतून वाचत रोल सरकवायचा. ओल किंवा उष्णता लागली, की तेच आकडे फोटोत उमटतात.

लग्नसराईत रोल जपून वापरायचे. मग कुणी फारच मागे लागलं, की कोरा फ्लॅश. उजेड पडतो, फोटो निघत नाही.

गल्लीतल्या एका लग्नात शेजारची जिजी नवी साडी नेसून तिच्या ओट्यावर उभी राहिली.

"भाऊ, मन्हा बी एक फोटू काढ ना. मरी गऊ त पोर काय टांगी भितवर?"

लाजून पदर दातात धरला होता. मी कोरा फ्लॅश मारला.

पुढे मी दिसलो की विचारायची, "मन्हा फोटू निंघना का रे?" मी म्हणायचो, "धुवाले टाकेल शे, जिजी." शेवटी थाप मारली, "तोंडवर कागदना आकडा उमटना, जिजी. वाया गया."

ती हसली. "मंग काय झायं? तोच दे! आकडावाली जिजी म्हनतीन लोके."

"तो त मी फाडी टाका," म्हणालो. पुढे जिजी वारली, फोटोशिवायच.

गेल्या वर्षी तो कॅमेरा पुन्हा काढला. रोल ऑनलाइन मिळतात आता. पहिल्याच रोलवर सगळीकडे आकडे! रोल फ्रिजमध्ये ठेवला, लाल खिडकीवर काळी टेप लावली, कंपनी बदलली. डाग गेले. फक्त जिजीच्या बंद घराच्या ओट्याचा फोटो सोडून... तिथे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, पुसट आकडा. पुन्हा नवा रोल, पुन्हा तेच. बाकी सगळे फोटो स्वच्छ! सुरतचा लॅबवाला म्हणाला, "ओल असेल." एकाच फोटोपुरती?

तो फोटो घेऊन चिंचपाड्याला जिजीच्या मुलीकडे गेलो. सगळं सांगितलं – रोल नव्हताच, हेही. फक्त पदराचं तेवढं बोललो नाही.

"मायनी नवी साडी नेसेल व्हती," ती म्हणाली, "आन तुले एक रोल टाकता नई उना?"

मी फोटो तिच्या हातात दिला. ती बराच वेळ फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "आशीच उभी ऱ्हायनी व्हती का, दादा? पदर दातमा धरीसन?"

फोटो तिच्या भिंतीवर आहे, हार घातलेला. जातो तेव्हा मीही निरखून बघतो. मला तिथे आजही नुसता ओटा आणि आकडाच दिसतो.