लतिकेच्या हातची सुतं

उमेळ्याच्या जयवंत साळ्यानं विणलेलं तांबड्या चौकड्यांचं लुगडं म्हणजे नंदाखालच्या ख्रिस्ती बायांचा जीव की प्राण. आता नेसणारी उरली एकटी क्लेमेंटीनबाय. नाती लुगडं नेसतात ती सणाच्या नाचापुरती, तेही भाड्यानं आणून. मेल्यावर पेटीत मला तुझ्या हातच्या लुगड्यातच निजवायचं, असं म्हातारीनं जयवंतला बजावून ठेवलं होतं. त्यानंही शब्द दिला आणि सूत आणून ठेवलं.

त्याची सगळी भिस्त मागावरच्या शेपटीवर होती. लुगडं कापून उतरवलं की ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर सुतं फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचं एकेक सूत पीळ देऊन त्यांना सांधतात. ही शेपटी त्याच्या बायकोच्या, लतिकेच्या हातची. समोर बसून ती एकेक सूत पुढे करायची, हा फणीतून ओढून घ्यायचा. ती गेली आणि माग थांबला तो थांबलाच. जयवंतची नजरही गेली. पीळ द्यायला बोटं पुरतात हो, पण फणीच्या फटीत सूत ओवायला डोळे लागतात, आणि ती विद्या घरात दुसऱ्या कुणाला नव्हती. म्हणून त्या शेपटीला तो कुणाला हात लावू देत नसे.

घर पाडून तिथं बिल्डिंग होणार होती. माग हलवायचा होता. त्याआधी लुगडं विणून काढायचं ठरवून जयवंत क्लेमेंटीनबायला सांगायला गेला, की सोमवारपासून सांधायला बसतो. इकडे सून आर्यानं माग पुसला, लाकडाला तेल लावलं, फणीतली लोंबती सुतं कात्रीनं कापून टाकली. पोर गुणाची, सासऱ्यासाठीच राबली होती. आता बोल लावायचा तरी कुणाला?

जयवंतनं फणीवरून बोट फिरवलं तर फटी रिकाम्या लागल्या. त्यानं विचारलं तेव्हा तिनं कचऱ्यातून सुतं काढून आणली. घाबरून म्हणाली, “बाबा, चुकलं का माझं?”

“नाही गं. माग छान झालाय.”

दुसऱ्या दिवशी तो नंदाखालला गेला. लुगडं होणार नाही म्हणाला आणि निदान ही सुतं तरी पेटीत ने म्हणून पुढे केली. म्हातारीनं त्याची मूठ मिटली. “लतिकेची हायेत ती. मी नेली तं तुला काय ऱ्हाईल? पानी पी आन् घरी जा.”

नाताळच्या आधी ती गेली. घरच्यांनी दुकानातलं छापील लुगडं नेसवलं, तसल्याच तांबड्या चौकड्यांचं. लांबून कुणाला फरक कळला नसता. पण जयवंतनं पेटीशी वाकून पदर चाचपला, आणि दिलेला शब्द मोडल्याची लाज त्याला सोसेना.

माती द्यायची त्याची पाळी आली. मातीच्या मुठीबरोबर त्यानं ती सुतंही खाली सोडली. लतिकेच्या हातचं आता त्याच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.